अण्णांच्या वॅगनआरला फोन जोडताना: प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

गणपती झाल्यावर अण्णा आणि आई कराडहून ताईकडे पुण्यात बावधनला गेले, तेव्हा अण्णा चांदणी चौकात चुकले. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री पाडला आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे पूल आणि रॅम्प सुरू झाले. साताऱ्याकडून येणाऱ्यानं बावधनसाठी नेमका कुठला फाटा धरायचा, हे ऐन वेळी कळून उपयोग नसतो. एसटीत ३१ वर्षं चालक म्हणून काढलेला माणूस तिथं चुकला याचं मला काही वाटलं नाही, रोज तिथून जाणारेही चुकतात. जीव उडाला तो आईनं हळूच सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीनं. फोन अण्णांच्या मांडीवर होता, फाटा बघायला त्यांनी मान खाली घातली आणि तेवढ्यात पुढच्या टेम्पोनं ब्रेक मारला. काही झालं नाही. पण आई तेव्हापासून पुण्याला जायचं नाव काढत नाही, आणि तिच्या डोळ्यांची पुढची तपासणी नोव्हेंबरात पुण्यातच आहे.

काचेला चिकटवायचा होल्डर दोनदा लावून झालाय. उन्हात त्याचा रबर सुटतो आणि फोन गिअरपाशी पडतो.

म्हणून ठरवलं ते एवढंच: अण्णांनी गाडीत बसावं, एक वायर लावावी आणि ताईच्या दारात उतरेपर्यंत फोनला हात लावू नये. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे. तोवर काम पुरं करायचं.

गाडी २०१३ची वॅगनआर, एलएक्सआय. फोनवरचा नकाशा आणि कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणायच्या दोन सोयी आहेत, आयफोनसाठी कारप्ले आणि अँड्रॉइड फोनसाठी अँड्रॉइड ऑटो. दोन्ही जाहीर झाल्या २०१४ला, म्हणजे गाडी दोघांपेक्षा वयानं मोठी. डॅशबोर्डमध्ये २०१९ला एका कार डेकोरवाल्याकडून बसवून घेतलेला सात इंची स्क्रीनचा स्टिरिओ आहे. त्यावर ब्लूटूथनं गाणी आणि कॉल चालतात, नकाशा येत नाही.

आज दुपारी दुकानं फिरलो. एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तीन दुकानांत तिघांनी तिची गल्लत केली. ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ वेगळा आणि ‘अँड्रॉइड ऑटो’ वेगळं. अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला टॅबलेटच. त्याची स्वतःची मेमरी, स्वतःची अ‍ॅप्स, आणि नेटसाठी फोनचा हॉटस्पॉट रोज चालू करायचा. स्वस्तातला घेतला की वर्षाभरात रखडायला लागतो. अँड्रॉइड ऑटोत सगळी बुद्धी फोनची असते. फोन गाडीसाठी वेगळं चित्र तयार करून व्हिडिओसारखं स्टिरिओकडे पाठवतो, आणि आपण स्क्रीनवर कुठं बोट लावलं तेवढं स्टिरिओ फोनला कळवतो. त्यामुळे फोन बदलला, अपडेट झाला, की गाडीतली सोयही नवी होते. अण्णांसाठी हेच पाहिजे. हॉटस्पॉट चालू करायचा म्हणजे परत फोन हातात आलाच.

सात इंची, टू-डिन मापाचा, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्ही वायरनं व बिनवायरनं चालवणारा साधा स्टिरिओ घेतला. टू-डिन म्हणजे १८० गुणिले १०० मिलिमीटरचा खण. जुनाही त्याच मापाचा आहे, म्हणजे फ्रेम बदलायची गरज नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

कामावरून आल्यावर डॅशबोर्ड उघडला. प्लास्टिकची पट्टी फटीत घालून मधलं पॅनेल हळूहळू सोडवलं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला असता तर कडा कायमच्या खरचटल्या असत्या. पॅनेल सुटल्यावर लगेच ओढायचं नाही, मागे इंडिकेटरच्या लाल बटणाचं कपलर असतं, ते आधी काढायचं. मग चार स्क्रू, आणि स्टिरिओ पुढे आला.

मागचं वायरिंग बघून मी तिथंच बसलो.

स्टिरिओला वीज देणाऱ्या वायरी तीन. पिवळी थेट बॅटरीवरून येते, ती चोवीस तास जिवंत, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवण्यापुरती. लाल ही चावी फिरवल्यावरच जिवंत होते, तिच्यावरून स्टिरिओला कळतं की आता जागं व्हायचं. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जाणारी. इथं पिवळी आणि लाल एकत्र पिळून, टेप गुंडाळून थेट बॅटरीच्या वायरला जोडलेली होती. गाडीची चावीवरची वायर तोडून मागे नुसती सोडून दिली होती, टोकाला टेपही नव्हती. म्हणजे सहा वर्षं त्या स्टिरिओला गाडी बंद झाल्याचं कळतच नव्हतं. अण्णा गाडी लावली की स्टिरिओचं बटण दाबून स्क्रीन बंद करत. आम्हाला वाटायचं, तो तसाच असतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बॅटरी आणि वायर यांच्या मधे मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) जोडला. चावी काढलेली, दारं बंद, स्टिरिओ बटणानं बंद केलेला. पाच मिनिटं थांबलो. काटा नाही, आकडाच: ०.३८ अँपिअर. स्टिरिओच्या मागचा फ्यूज उपसला, आकडा ०.०२ वर आला.

हिशेब सोपा आहे. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला नऊच्या वर. चार दिवसांत पार रिकामी, आणि दोन दिवसांतच निम्मी. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या आणि दोन्ही वेळेला आम्ही बॅटरीला बोल लावला. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ लागायचा नाही आणि शेजारची पोरं धक्का मारायला बोलवायला लागायची. अण्णा तेव्हा म्हणायचे, गाडी म्हातारी झाली. गाडीची काही चूक नव्हती.

फोन जोडायला निघालो आणि हाती हे लागलं. नवा स्टिरिओ त्याच पिळाला जोडला असता तर महिनाभरात तिसरी बॅटरी गेली असती.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

काम बंद. पॅनेल तात्पुरतं बसवलं, गाडी धुतली, झेंडूचं तोरण बांधलं. काल खंडेनवमीला आईनं हत्यारांच्या पूजेत माझा मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गनही मांडली होती, मल्टिमीटरच्या कडेला हळदीकुंकू अजून आहे. पुसलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला सुरुवात, दुपारी दोनला पॅनेल बंद.

आधी जुने सगळे पीळ सोडवले. वायरी दोन सेंटिमीटर मागून कापून नवं तांबं उघडं केलं, कारण जुनं काळं पडलं होतं आणि काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. चावीवरची वायर मल्टिमीटरनं शोधून खात्री केली: चावी काढल्यावर शून्य, चावी अ‍ॅक्सेसरीच्या खुणेवर फिरवल्यावर १२.४ व्होल्ट. ती नव्या स्टिरिओच्या लाल वायरला. पिवळी पिवळीला, तिच्यात फ्यूज. प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवून गरम हवेनं आवळली. गाडीत सोल्डर करू नये, धक्क्यांनी जोड कडक होऊन तुटतो, दाबून बसवायचे जोड करावेत, असं नाक्यावरचे वायरिंगवाले काका सांगतात. त्यांचं चुकीचं नाही. मी सोल्डर केला, पण प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायर बांधून घेतली, म्हणजे धक्का जोडावर येणार नाही.

अर्थची वायर जुन्या माणसानं एका रंगवलेल्या पट्टीच्या स्क्रूखाली दाबली होती. मी सांगाड्याचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून, चकचकीत लोखंडावर रिंग टर्मिनल बोल्टनं आवळलं आणि वरून ग्रीस लावलं. गाणी मोठ्यानं लावून अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामधलं व्होल्टेज मोजलं. जुन्या जागी ०.४ आलं होतं, आता ०.०२. रेडिओची खरखर यानंच निम्मी गेली.

हँडब्रेकची वायर. चालत्या गाडीत व्हिडिओ दिसू नये म्हणून स्टिरिओत एक वायर असते, ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढला की स्विच ती वायर अर्थला टेकवतो आणि स्टिरिओला कळतं की गाडी उभी आहे. बहुतेक ठिकाणी ती सरळ अर्थलाच कायमची जोडून देतात, म्हणजे स्टिरिओला गाडी सदा उभीच वाटते. जुन्यातही तसंच होतं. मी ती गिअरच्या बाजूच्या कव्हरखालून हँडब्रेकपर्यंत नेली. अर्धा तास जास्त लागला. हे सगळं ज्या कारणासाठी चाललंय त्या कारणाला ही एक वायर धरूनच आहे, तिथं आळस करायचा नव्हता.

माईक स्टिअरिंगच्या मागच्या कॉलमवर बसवला. आधी उजव्या खांबावर लावून बघितला होता, पण एसीच्या जाळीतून येणारी हवा थेट त्यावर आदळत होती आणि ताईला पलीकडून नुसतं वारं ऐकू येत होतं. जीपीएसचा अँटेना लोहचुंबकाचा आहे, तो डॅशबोर्डाच्या आतल्या आडव्या लोखंडी पट्टीला चिकटवला.

संध्याकाळ. अण्णांचा फोन जोडला. स्क्रीनवर काहीच नाही. फोनवर मात्र ‘चार्जिंग’ लिहून येतंय.

फोन बंद-चालू केला. सेटिंगमध्ये ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’मध्ये अँड्रॉइड ऑटो आहे का बघितलं, होतं. अँड्रॉइड १० पासून ते फोनमध्येच असतं, वेगळं उतरवावं लागत नाही. स्टिरिओच्या मागे यूएसबीची दोन शेपटं आहेत, त्यातलं एकच फोन जोडण्यासाठी, दुसरं पेनड्राइव्हचं. ते बरोबर होतं. मग वायर बदलली, माझ्या फोनबरोबर आलेली लावली. तीन सेकंदांत अँड्रॉइड ऑटोचं चिन्ह उमटलं आणि परवानग्या विचारायला लागलं.

अण्णांची वायर मी कापून बघितली, त्यांना विचारून. आत दोनच तारा होत्या, लाल आणि काळी. माझी एक जुनी खराब झालेली वायर कापली, तिच्यात लाल-काळीबरोबर हिरवी आणि पांढरीही. लाल-काळीतून वीज जाते, हिरव्या-पांढरीतून माहिती. बसस्टँडवर घेतलेल्या वायरीत या दोन तारा बऱ्याचदा घातलेल्याच नसतात, बाहेरून मात्र दोन्ही हुबेहूब सारख्या. अण्णांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन उजेडात धरून बघितले आणि म्हणाले, “म्हंजे निरोप न्यायला मानूसच न्हवता.” अगदी तसंच होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस बिनवायरचं वापरून बघितलं. आधी मला तेच करायचं होतं, अण्णांना वायरसुद्धा लावायला नको.

ते असं चालतं. फोन आणि स्टिरिओची ओळख ब्लूटूथवर पटते, स्टिरिओ त्याच वाटेनं फोनला आपल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड देतो, आणि मग चित्र-आवाज सगळं ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून येतं. ब्लूटूथच्या अंगात एवढा व्हिडिओ वाहून न्यायची ताकद नाही.

चालतं छान, पण जुळायला वेळ घेतं. मी घड्याळ लावून मोजलं: २८ सेकंद, ३५, ४१, एकदा पन्नासच्या वर. अण्णांची सवय एसटीतली. चावी, आरसा, गिअर, आणि गाडी हलली. नकाशा उमटेपर्यंत गल्ली संपलेली असते आणि ते एका डोळ्यानं स्क्रीनकडे बघत असतात, आला का नाही. ज्या गोष्टीसाठी डोळे रस्त्यावरून हटतात ती गोष्ट मला गाडीत नको.

दुसरं, फोन तापतो. नकाशा आणि वायफाय एकदम, वर दुपारचं ऊन. तिसरी अडचण घरातलीच निघाली. काल अण्णांनी गाडी काढली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो आणि स्टिरिओनं माझा फोन धरला. त्याच वेळी मला आलेला कॉल गाडीत वाजला. अण्णांना कळेना हा कुणाचा माणूस बोलतोय.

दोन्ही फोनमधलं ‘वायरलेस अँड्रॉइड ऑटो’ बंद केलं. वायर लावली तर जुळणार, काढली तर तुटणार, मध्ये काही नाही. अण्णांना विचारलं, रोज वायर लावायला त्रास होईल का? म्हणाले, “लावलेली दिसतीया न्हवं, मग कशाचा तरास?” त्यांचं म्हणणं मला पटलं. वायर डोळ्यांना दिसते, वायफाय दिसत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वायरनंही तुटतंय. विद्यानगरच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आला की नकाशा गायब, दोन-तीन सेकंदांनी परत. अण्णा काही बोलत नाहीत, पण त्यांचा हात फोनकडे जातो, ते मी बघितलं.

वहीत नोंद ठेवायला सांगितलं: कुठं तुटलं, रस्ता कसा होता. दोन दिवसांत अकरा वेळा. त्यातले नऊ खड्डा किंवा स्पीडब्रेकर.

११ ऑक्टोबर, शनिवार

फोन, फोनचं खोबण, वायर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. फोनचं खोबण मात्र साफ केलं, लाकडी काडीनं त्यातून कापसासारखा लोकरीचा पुंजका निघाला. खिशातली धूळ. त्यानं वायर घट्ट बसायला लागली, तरी तुटायचं थांबलं नाही.

मग उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून, अँड्रॉइड ऑटो चालू ठेवून, एकेक जागा हातानं हलवत गेलो. फोनपाशी हलवलं, तुटलं नाही. डॅशबोर्डच्या खणातल्या सॉकेटपाशी, नाही. पॅनेलवर मूठ आपटली, तुटलं. पॅनेल परत उघडलं. स्टिरिओचं यूएसबीचं शेपूट छोटं, म्हणून मी त्याला एक जास्तीची एक्स्टेन्शन वायर जोडून सॉकेटपर्यंत नेली होती. तो जोड आत अधांतरी लोंबत होता. प्रत्येक धक्क्याला क्षणभर सुटायचा. गाणं पेनड्राइव्हवरून वाजत असतं तर इतका सूक्ष्म धक्का कळलाही नसता, पण इथं दुवा क्षणभर तुटला की सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं.

एक्स्टेन्शन काढून टाकली. सॉकेट खणातून काढून स्टिरिओच्या खालच्या मोकळ्या पट्टीवर आणलं, शेपूट आता थेट पोचतं. जोड उरलाच नाही. बाहेर फोनसाठी अर्ध्या मीटरची जाड वायर. सांगायला लाज नाही, ही चूक सर्वस्वी माझी होती.

संध्याकाळी तोच रस्ता, तेच स्पीडब्रेकर, तीन फेऱ्या. एकदाही तुटलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

कुंभार्ली घाट. पाटण, कोयनानगर, हेळवाक, घाट उतरून पोफळी, मग चिपळूण. ही वाट मुद्दाम निवडली. घाटात मोबाइलची रेंज जाते-येते, आणि हा अण्णांचा जुना मार्ग, कितीतरी वर्षं त्यांनी कराड-चिपळूण गाडी नेली. नकाशा चुकला तर सांगायला माणूस शेजारीच.

रेंजसाठी काल रात्रीच घरच्या वायफायवर कराड ते चिपळूण आणि कराड ते पुणे असे दोन्ही पट्टे ऑफलाइन नकाशे म्हणून उतरवून ठेवले. जीपीएसला मुळात मोबाइलची रेंज लागत नाही, ते उपग्रहांचं ऐकतं. रेंज लागते ती नकाशाची चित्रं आणि रहदारी आणायला. नकाशा आधीच फोनमध्ये असला की घाटातही वाट दिसत राहते, फक्त पुढं गर्दी आहे का ते कळत नाही.

हेळवाकपर्यंत सगळं ठीक. घाट लागला आणि बाण भरकटला. आम्ही वळणावर, आणि स्क्रीनवरचा बाण दरीत. पुढच्या वळणावर तो डोंगराच्या पोटात. “पुढचा रस्ता शोधत आहे” असं परत परत. अण्णांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. “हितनं म्होरं दोन वळणं हायती, मग उतार लागंल,” म्हणाले, आणि तसंच झालं. त्यांच्या हाताखाली स्टिअरिंग आपोआप फिरत होतं, वळण दिसायच्या आधी गिअर पडलेला असायचा. मी नकाशा तपासायला गेलो होतो, आणि बराच वेळ त्यांचे हातच बघत राहिलो.

पोफळीला चहाला थांबलो तेव्हा कारण लक्षात आलं. स्टिरिओला स्वतःचा जीपीएस असला की अँड्रॉइड ऑटो गाडीची जागा त्याच्याकडून घेतं, फोनकडून नाही. आणि त्याचा अँटेना मी लोखंडी पट्टीला चिकटवला होता, वर आणखी धातू. डॅशबोर्डाचं प्लास्टिक अँटेनाला अडवत नाही, लोखंड अडवतं. सपाट रस्त्यावर आकाश मोकळं, चुकूनमाकून सिग्नल मिळत होता. घाटात एका बाजूला कडा, अर्धं आकाश झाकलेलं, तिथं पुरला नाही.

चहाच्या टपरीपुढेच डॅशबोर्डचा खण सोडवून अँटेना काढला आणि डॅशबोर्डावर काचेच्या कोपऱ्यात, आकाशाकडे तोंड करून दुहेरी टेपनं चिकटवला. वायर रबराच्या पट्टीखाली दाबली. परत येताना घाट चढलो तेव्हा बाण रस्त्यावरच होता, वळणावळणाला गाडीबरोबर वळत होता. एका वळणाला अण्णांनी बोट दाखवलं: “आता ह्याला बी ठावं झालं.”

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचं काम वायरींचं नाही, माणसाचं. दोन तास अण्णांबरोबर गाडीत बसून फोन त्यांच्या हिशेबानं लावला.

अँड्रॉइड ऑटोच्या पहिल्या पानावर येणारी चिन्हं कमी करता येतात, ‘कस्टमाइझ लाँचर’मध्ये. नकाशा, फोन, रेडिओकडे परत जायचं बटण, बाकी सगळं काढलं. मेसेज आल्यावर वर पट्टी येते ती बंद. नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी साठ-सत्तर शुभेच्छा येतात, त्या खंबाटकी घाटात वाचायची गरज नाही. फोन कुलूपबंद असताना अँड्रॉइड ऑटो सुरू व्हावं, ही परवानगी दिली. नाहीतर वायर लावल्यावर आधी फोन उघडावा लागतो, म्हणजे परत हात आलाच.

नकाशात ‘घर’, ‘ताई बावधन’ आणि आईच्या डोळ्यांचा दवाखाना अशा जागा नावं देऊन जतन केल्या. वाट सांगणारा आवाज हिंदी ठेवला. इंग्रजी आवाजात गावांची नावं अशी येत होती की अण्णा दर वेळी “काय म्हनली?” विचारायचे, आणि विचारताना वळण निघून जायचं.

त्या आवाजाची पातळी वेगळी असते, हे मला उशिरा कळलं. आकाशवाणी मोठ्यानं आणि वाट सांगणारी बाई हळू, असं होत होतं. स्टिरिओचा आवाज वाढवला की रेडिओच वाढायचा. ती बोलत असतानाच बटण फिरवायचं, म्हणजे तिचाच आवाज वाढतो. ती सारखी बोलत नाही, त्यामुळे घराभोवती चार फेऱ्या मारून, ती बोलली रे बोलली की बटण फिरवून एकदाचा जमवला.

अण्णांनी एक अट घातली: गाडी चालू असताना स्क्रीनवर पत्ता टाइप करायचा नाही, जायची जागा गाडी उभी असतानाच लावायची. मी नियमाचंही सांगितलं, १ ऑक्टोबर २०२०पासून वाट बघण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणाले, एसटीत आम्हाला ड्रायव्हिंग करताना प्रवाशाशी बोलायची बंदी होती, तेव्हापासून माहीत आहे हे.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

गाडी तीन दिवस मुद्दाम उभी ठेवली. आज सकाळी बॅटरीवर १२.५. चावी काढून गळती मोजली, ०.०२ अँपिअर. सेल्फ पहिल्या झटक्याला. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे चार्जिंगही ठीक आहे.

अण्णांनी आकडा स्वतः वाचला आणि बॉनेट लावताना म्हणाले, मग त्या दोन बॅटऱ्या उगाच बदलल्या. हो. त्याचं वाईट वाटतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

कराडहून सहाला निघालो, आई मागे, मी शेजारी. घरातून निघताना अण्णांनी वायर लावली, नकाशावर ‘ताई बावधन’ दाबलं आणि फोन खणात पालथा ठेवला.

खंबाटकीच्या बोगद्यात बाण थांबला, आत उपग्रह दिसत नाहीत आणि आमच्या स्टिरिओला चाकाचा वेग कळत नाही, त्यामुळे त्याला अंदाजानं पुढे सरकता येत नाही. बाहेर पडल्यावर पाच-सहा सेकंदांत सावरला. खेड-शिवापूरच्या टोलला गर्दी होती. कात्रजच्या पुढे रहदारी वाढली तेव्हा आई सीटची कड धरून बसली, मला आरशात दिसत होती.

वारजे गेलं. चांदणी चौकाच्या दोन किलोमीटर आधी आवाज आला, डावीकडची मार्गिका धरा. अण्णांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, डावीकडे आले. स्क्रीनवर फाट्याची निळी रेघ मोठी झाली. त्यांची मान वर होती, नजर समोर, हात दोन्ही स्टिअरिंगवर. रॅम्पवर चढलो. आईनं सीटची कड सोडली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

ताईकडे जेवण झाल्यावर दाजींचा आयफोन जोडून बघितला, कारप्ले पहिल्या फटक्यात आलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

राहिलेलं:

दुपारी एक ते तीन ऊन डावीकडून आलं की स्क्रीन फिकट पडते. मॅट फिल्म लावून बघायची, आणि नाही जमलं तर वर छोटी झापड.

तसलीच अर्ध्या मीटरची, चार तारांची आणखी एक वायर घेऊन डिकीत ठेवायची. घेण्याआधी मल्टिमीटरनं चारही तारा तपासायच्या.

आईची तपासणी १४ नोव्हेंबरला. दवाखान्याची जागा नकाशात आहे. जातो म्हणाली.